दात उमटलेला नान

सालकिनला आमच्या शाळेनं खोली दिली ती जिन्याखालची. आधी तिथं खेळाच्या मास्तरांचं मोडकंतोडकं सामान पडलेलं असायचं. खिडकी नाही, दिवा लुकलुकणारा, आणि मधली सुट्टी झाली की सगळ्या शाळेचे बूट डोक्यावरून धडधडत जायचे. मी म्हटलं, "अगं, इथं मांजरसुद्धा पिल्लं घालायची नाही. डायरेक्टरकडे धड खोली माग की!" तर ती खो-खो हसली. "जुमागुल एजे, घाबरलेलं पोर कोपऱ्यातच शिरतं. मी आधीच कोपऱ्यात जाऊन बसते, म्हणजे शोधायला नको." वर माझ्याकडूनच झाडू, बादली आणि एक किटली घेऊन गेली. किटली अजून परत दिलेली नाही.

मी जुमागुल. बिश्केक शहराच्या कडेला जी नवी वस्ती वाढलीय, तिथल्या शाळेची खानावळ माझ्या हातात आहे. वयानं मी सालकिनहून मोठी, म्हणून ती मला एजे, म्हणजे ताई, म्हणते. पोरं तिला सालकिन एजे म्हणतात. मी तिला नुसतं सालकिन म्हणते, आणि रागावले तर तेही नाही. माझं तोंड जरा तिखट आहे, हे आधीच सांगून ठेवते.

शाळा दोन पाळ्यांत चालते. वर्गात पोरं कोंबलेली, आणि निम्म्यांचे आईबाप मॉस्कोला कामाला गेलेले. पोरं मावशीकडे, काकाकडे, कधी नुसती शेजाऱ्याकडे. या एवढ्या सगळ्या पोरांच्या मनाचं बघायला, समुपदेशक म्हणून, सालकिन एकटी. सुरुवातीला तिच्याकडे कुणी फिरकेना. पोराला बोलावलं की आई कमरेवर हात ठेवून दारात हजर. "माझं पोर वेडं आहे का? आमच्या सात पिढ्यांत कुणी वेडं नाही!" सालकिन म्हणायची, "नाही हो बाई. मला चहा ओतायला माणूस हवं होतं."

आणि खरंच चहाच ओतायला लावायची. शाळेत जे पोर सगळ्यात जास्त मारामाऱ्या करतं त्याच्या हातात ती किटली द्यायची आणि बाकीच्यांना भोवती बसवायची. आमच्यात चहा ओतणाऱ्यावर मोठी जबाबदारी. पियाला थोडाच भरायचा, संपत आला की पुन्हा भरायचा, कुणाचा रिकामा राहता कामा नये. काठोकाठ भरून दिला तर पाहुण्यानं समजायचं, 'प्या आणि निघा आता.' त्यामुळे ओतणाऱ्याला सारखं समोरच्याच्या हाताकडे, तोंडाकडे बघत राहावं लागतं. एरवी समोर कोण आहे हेही न बघता गुद्दे घालणारी पोरं तिथं जिभेचं टोक बाहेर काढून किटली सांभाळत बसायची. शिवाय तिच्याकडे पिशवीभर चुको होते, म्हणजे मेंढीच्या घोट्याची रंगवलेली हाडं. ती उडवता उडवता पोरं काय काय बोलून जायची. माझ्या पोटात एक गोष्ट राहात नाही, तिच्या पोटात अख्ख्या शाळेचं राहायचं.

मग दुसरीच्या वर्गात बेगिमाई आली.

लहानखुरी पोर, केसांच्या दोन घट्ट वेण्या, डोळे सदा दाराकडे. तिचे आजोबा मेदेर मिनीबस चालवायचे. ते सकाळी तिला फाटकात उतरवायचे आणि मान खाली घालून निघून जायचे. पहिल्याच आठवड्यात पोरीनं शाळा डोक्यावर घेतली. वर्गातून कुणी बाहेर निघालं की किंचाळायची. घंटा होऊन पोरं घरी जायला निघाली की दारात आडवी. ढकललं तर ओरबाडायची. तिच्या वर्गाच्या बाईंच्या कोटाची बाही तिनं उसवून टाकली, का, तर बाई औषध आणायला लवकर निघाल्या होत्या.

पण माझं डोकं खरं फिरलं ते नानावरून. आमच्याकडे नानाचा तुकडा जमिनीवर पडला तर उचलून कपाळाला लावतात. आणि ही बया काय करायची? दुसऱ्याच्या हातातला नान घेऊन त्याच्याच तोंडात कोंबायची. "चाव! चाव म्हणते ना!" समोरच्यानं चावा घेतला की उरलेला नान ओढून पसार. मी ओरडायची, "अगं ए, भूक लागलीय तर माझ्याकडे माग! दुसऱ्याचं उष्टं कशाला पळवतेस?" ती माझ्याकडे असं बघायची की मलाच काही कळत नाही. आणि मला कळत नव्हतंच.

मार्च लागला होता. एके दिवशी तिनं आक्तान नावाच्या गुबगुबीत पोराच्या तोंडात नान इतक्या जोरात कोंबला की त्याचा दात पडला आणि रक्त आलं. दात दुधाचाच होता, आठवडाभर हलत होता. पण हे त्याच्या आईला कोण सांगणार? आई म्हणजे चोल्पोन, तिचा दोर्दोय बाजारात कपड्यांचा गाळा. तिथं चार गल्ल्या पलीकडचं गिऱ्हाईक आवाजावर ओढून आणणारी बाई ती. वर्गातल्या सगळ्या आया गोळा करून ती डायरेक्टरच्या खोलीत घुसली. मी चहा घेऊन गेले होते, म्हणजे ऐकायलाच गेले होते.

"तुर्दुबेक अगाय," चोल्पोन म्हणाली, "एक तर ती चेटकीण राहील, नाहीतर आमची पोरं!"

तुर्दुबेक अगाय, म्हणजे तुर्दुबेक सर, आमचे डायरेक्टर, तसे वाईट नाहीत. पण चार बायका एकदम बोलल्या की त्यांच्या टकलावर घाम येतो. त्यांनी सालकिनला बोलावून घेतलं. "नोरूझची सुट्टी संपली की शहरातून पोरांना तपासणारं कमिशन येतंय. या पोरीचं नाव मी दिलंय. ते म्हणाले तर तिला शहराबाहेरच्या निवासी शाळेत पाठवायचं. मतिमंद मुलांच्या."

"ती मतिमंद नाही, अगाय."

"मग काय आहे?"

"अजून माहीत नाही."

"अजून माहीत नाही!" चोल्पोन टाळ्या वाजवत म्हणाली. "ऐकलंत? पगार कशाचा घेते ही?"

सालकिनचा चेहरा पडला. पण ती हटली नाही. "कमिशन येईपर्यंत पोरगी माझ्याकडे द्या," म्हणाली. डायरेक्टरनं घाम पुसला. "घे. पण आणखी एक दात पडला, तर तिच्याबरोबर तुझीही रवानगी." त्या निवासी शाळेत गेलेलं पोर परत नेहमीच्या शाळेत आलेलं मी तरी पाहिलेलं नाही. एकदा तिकडचा शिक्का बसला की जन्माचा बसतो. बाहेर आल्यावर मी सालकिनला म्हटलं, "कशाला गं गळ्यात धोंड बांधून घेतलीस?" ती म्हणाली, "एजे, ती दाराकडे बघते. मारणारं पोर माणसाकडे बघतं. ही दाराकडे बघते."

त्या दिवसापासून बेगिमाई जिन्याखाली. किटली तिच्या हातात. आणि चहा कसा ओतायची म्हणाल, तर पियाल्यात जेमतेम घोटभर. प्यायलात की परत घोटभर. परत घोटभर. मी एकदा पाच मिनिटं टेकावं म्हणून गेले ती अडकलेच. उठायला लागले की पियाल्यात पुन्हा घोट! तिकडे माझं सूप उतू जायला आलेलं. मी म्हटलं, "पोरी, भर की जरा नीट!" तर तिनं किटली छातीशी धरली आणि मान हलवली. सालकिन गालातल्या गालात हसली, मग छातीशी धरलेल्या त्या किटलीकडे बघत राहिली. आई मॉस्कोत कुठल्याशा इस्पितळात लादी पुसते एवढं तिला कळलं होतं. पण आईचा फोन आला की पोरगी फोन उशीखाली दाबून ठेवायची. बोलायचीच नाही.

नोरूझच्या, म्हणजे वसंतातल्या नव्या वर्षाच्या, सणासाठी शाळेची साफसफाई निघाली तेव्हा उलगडा झाला. मी कोट टांगायच्या खोलीत आले तर वास. कुबट, शिळा. प्रत्येक पोराच्या खुंटीला बुटांची कापडी पिशवी असते, आतले बूट ठेवायला. बेगिमाईची पिशवी टम्म फुगलेली. मी उघडली आणि माझा पारा चढला. नानाचे तुकडे! ढीगभर! काही दगडासारखे कडक झालेले, काहींना हिरवी बुरशी. "कोकुई!" मी ओरडले. "अन्नाची ही दशा! कुठंय ती कार्टी?" पिशवी तशीच उचलून मी जिन्याखाली नेली आणि जाजमावर उपडी केली.

बेगिमाई पांढरीफटक पडली. झडप घालून तुकड्यांवर पालथी झाली, जसं काय मी ते पेटवायलाच आणलेत. सालकिननं माझा हात धरला. मग तिनं एक तुकडा उचलला, दिव्याकडे धरला, फिरवून पाहिला. दुसरा उचलला. "एजे, बघा. प्रत्येकाला एकच चावा आहे. हिनं एकही खाल्लेला नाही."

"हो, मग?"

सालकिन जाजमावर बसली. "बेगिमाई, हा कुणाचा गं?"

पोरीनं तुकडा जवळ ओढला. मग बोटानं दात उमटल्याची जागा चाचपली. "आक्तानचा."

"आणि हा?"

"बाईंचा. हा पिंगट केसवाल्या दादाचा, तो वरच्या वर्गात आहे. हा नुरेलचा. सगळे परत आले."

"परत आले म्हणजे?"

"घरी गेले, आणि सकाळी परत आले," बेगिमाई म्हणाली. "चावलं की परत येतात."

तोबा, तोबा! मला कसं कळलं नाही? माझ्याच स्वयंपाकघरात खिळ्याला कापडात बांधलेला नान लटकतोय. माझा उलान सैन्यात गेला तेव्हा निघताना उंबऱ्यात त्यानं त्या नानाचा एक घास चावला, उरलेला मी टांगून ठेवला. दूर जाणारं माणूस नानाला दात लावून जातं. त्याचा नान घरात वाट बघतो, म्हणून माणूस परत येतं, आणि आल्यावर तोच नान खातं. आमच्या प्रत्येक घरात हे असंच. मी रोज त्या नानाखाली उभी राहून कांदा चिरते, आणि या पोरीला चोर म्हणत होते.

"आणि आईचा नान कुठंय?" सालकिननं विचारलं.

बेगिमाईचा आवाज इतका बारीक झाला की मला वाकावं लागलं. "आईनं चावलाच नाही. मी आणायला गेले होते. आजोबा म्हणाले, जा, गरम नान घेऊन ये. मी पळत गेले, पळत आले. आई नव्हती."

मी तिथून उठले आणि खानावळीत जाऊन रडले. कांदा हातात घेतला, म्हणजे कुणी विचारायला नको.

दुसऱ्या दिवशी सालकिननं मेदेर आजोबांना बोलावलं. म्हातारा आला, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला. सगळं ऐकून म्हणाला, "मग काय करायचं होतं? पोरगी आईच्या गळ्याला लोंबकळली असती. माझ्या लेकीचं, ऐझादाचं विमान चुकलं असतं. सगळेच असं करतात, बाई. पोराला दुकानात पाठवायचं आणि निघायचं. कुणी झोपेत टाकून जातं. रडवून जाण्यापेक्षा बरं."

"आणि ती विचारते तेव्हा काय सांगता, अक्साकाल?" म्हाताऱ्या माणसाला आमच्यात मानानं असंच म्हणतात.

"उद्या येईल म्हणतो."

"किती दिवस झाले?"

"दुसरा हिवाळा सरला."

सालकिनचा आवाज चढला. तिला असं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "मी मेंढपाळाची पोर आहे, अक्साकाल. नारीनच्या वरच्या डोंगरांतली. बापानं मला बोर्डिंगात आणलं तेव्हा मी सात वर्षांची होते. म्हणाला, इथं बस, घोड्याला पाणी पाजून येतो. मी फाटकात बसून राहिले. तो वसंतात आला. आल्यावर मिठी मारली त्यानं, पण आजतागायत कुणी 'येतोच' म्हटलं की मी दाराकडे बघत बसते. रडू दिलं असतं तर रडले असते आणि झोपले असते. तुम्ही तिला रडूच दिलं नाहीत. म्हणून ती सगळ्या शाळेला चावायला लावतेय!"

म्हाताऱ्यानं टोपी डोळ्यांवर ओढली. त्याचे खांदे हलायला लागले. थोड्या वेळानं म्हणाला, "माझ्या पोरीनंही जाताना रस्त्यापर्यंत मागं वळून वळून पाहिलं. मीच म्हटलं, जा, पळ." आणि मग, "आता काय करू, सांग."

"तिला खरं सांगा. आई उद्या येणार नाही, पण येणार आहे. आणि कधी, तेही. आणि आईचा नान आणू या."

"मॉस्कोहून?"

"मॉस्कोहूनच."

नान मी भाजला. तंदूरला चिकटवताना हात भाजून घेतला, मधोमध फुलाचा ठसा काढला, वर तीळ. बेगिमाईनं तो कापडात बांधला. पण तो मॉस्कोला नेऊन, ऐझादाला चावायला लावून परत आणायचा कुणी? टपालानं अन्न पाठवायला माझा जीव धजेना. मॉस्कोला शिवलेले कपडे घेऊन ट्रक नेणारा, आठवड्यात निघणारा, माहितीचा माणूस एकच होता. साबिर. आक्तानचा बाप. चोल्पोनचा नवरा!

मी म्हटलं, "सालकिन, ती बाई तुला जिन्यावरून ढकलून देईल." सालकिन म्हणाली, "तुम्ही बरोबर चला, खाली धरायला." गेलो. चोल्पोननं दार उघडलं आणि तिथूनच सुरू झाली, "आता काय, दुसरा दात न्यायला आलात?" सालकिन सरळ बूट काढून आत गेली, कारण दारात उभ्या पाहुण्याला आत घेतलं नाही असं आमच्यात होत नाही. चहा आला. सालकिननं सगळं सांगितलं, अगदी हळू. चोल्पोन ऐकत होती आणि तिची नजर सारखी भिंतीकडे जात होती. मीही पाहिलं. तिथं खिळ्याला नान बांधायचं रिकामं कापड लटकत होतं. साबिर दर फेरीला नानाला दात लावून जायचा.

"आक्तान लहान असताना," चोल्पोन म्हणाली, मग थांबली. तिनं नाक पुसलं. "इकडे आणा तो नान. आणि ती बाई जागेवर सापडली नाही तर साबिर मॉस्कोतलं इस्पितळ अन् इस्पितळ हुडकेल, नाहीतर मी त्याला घरात घेणार नाही." मग लगेच तोऱ्यात, "पण पोरीला सांगा, आक्तानचा दुसराही दात हलतोय. त्याला हात लावायचा नाही!"

साबिर गेला. सण झाला, सुट्टी संपली. नान परत यायला हवा होता, आला नाही. वाटेतल्या स्टेपीच्या माळरानावर उशिराचं बर्फ पडलं होतं, सीमेवर ट्रकची रांग लागली होती. आजोबांनी बेगिमाईला सगळं खरं सांगितलं होतं. ती दोन दिवस रडली आणि मग कुणाच्या तोंडात नान कोंबायची थांबली. पण बोलायचीही थांबली. दाराकडे बघणं काही सुटेना. आणि कमिशन आलं.

तीन बाया, कडक इस्त्रीच्या. मी चहाचं निमित्त काढून आत. मुख्य बाईंनी चष्म्यातून बघत विचारलं, "बाळ, नाव काय?" गप्प. "हे चित्र कशाचं आहे?" गप्प. "घर काढून दाखव." बेगिमाईनं पेन्सिल उचलली, चार भिंती काढल्या, एक दार काढलं, आणि ते दार गिरवत बसली, गिरवत बसली, कागद फाटेपर्यंत. एका बाईंचा फोन वाजला म्हणून त्या बाहेर गेल्या आणि दार बंद झालं. बेगिमाई ताडकन उठली, दाराला जाऊन भिडली, दोन्ही मुठींनी बडवायला लागली. मुख्य बाईंनी सुस्कारा टाकून पेन उचललं. डायरेक्टरच्या टकलावर घाम. सालकिन म्हणाली, "थोडा वेळ द्या. कृपा करा, थोडाच." बाई म्हणाल्या, "आम्हाला आज आणखी दोन शाळा करायच्या आहेत."

तेवढ्यात दार बाहेरून इतक्या जोरात उघडलं की बेगिमाई सालकिनच्या अंगावर जाऊन पडली. दारात चोल्पोन! धापा टाकतेय, रुमाल मानेवर घसरलेला. डायरेक्टर पुटपुटले, "झालं. हिचीच कमी होती."

"कुणी काही लिहायचं नाही!" चोल्पोन गरजली. "साबिर आत्ता पोचला. ट्रकचं इंजिन अजून गरम आहे!" आणि तिनं छातीशी धरलेलं गाठोडं बेगिमाईच्या पुढ्यात ठेवलं.

पोरीनं गाठ सोडली. माझाच नान, मधोमध फुलाचा ठसा, आता वाळून कडक. कडेला एक मोठा चावा. बेगिमाईनं तो डोळ्यांजवळ नेला. तिनं बोट लावून पाहिलं. चाव्याच्या मधे एक बारीक कड तशीच उभी राहिली होती. "इथं फट आहे," ती म्हणाली. "आईच्या पुढच्या दातांत फट आहे. आईचाच."

आणि मग ती रडली. तोंड वासून, नाक वाहत, सगळ्या शाळेला ऐकू जाईल असं रडली. सालकिन तिला मांडीत घेऊन बसून राहिली, गप्प कर असं एकदाही म्हणाली नाही. चोल्पोन रडत होती, मी रडत होते, बाहेर गेलेल्या बाई फोन हातात धरून दारात थिजल्या होत्या. सगळं ओसरल्यावर बेगिमाईनं बाहीला नाक पुसलं आणि म्हणाली, "सालकिन एजे, फोन लावा."

पलीकडून ऐझादाचा आवाज आला. "माझी सोनी, मिळाला? दिसले दात?"

"दिसले. कधी येणार?"

"ऑगस्टात. उद्या नाही, बाळा. ऑगस्टात नक्की."

"बरं," बेगिमाई म्हणाली. मग मुख्य बाईंकडे वळली. "माझं नाव बेगिमाई. ते चित्र कोल्ह्याचं होतं. घर मी परत काढू का? आधीचं फाटलं."

मुख्य बाईंनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसल्या. मग डायरेक्टरना म्हणाल्या, "हिला काय झालंय म्हणून कळवलं होतंत तुम्ही?"

"म्हणजे, शिस्त, आणि ते दात..."

"हिला आईची आठवण येते, अगाय. त्यासाठी वेगळी शाळा नाही काढलेली कुणी. ही इथंच शिकेल." आणि सालकिनला म्हणाल्या, "आणि तुम्हाला खिडकीवाली खोली का नाही?"

चोल्पोन मधेच म्हणाली, "तेच तर! आम्ही आया केव्हाची मागतोय!" मी तिच्याकडे बघतच राहिले. अशी ही बाई, पण त्या दिवशी तिचे मुके घ्यावेसे वाटले.

खोली मिळाली, पण सालकिन जिन्याखालून हलली नाही. डायरेक्टरनी मग सुतार पाठवून भिंतीला खिळे ठोकून दिले. कारण बातमी वस्तीभर पसरली आणि निघणारे आईबाप शाळेत यायला लागले. पोराला समोर बसवून, कुठं जातोय, कधी येणार, सगळं सांगून, नानाला दात लावून जायचे. पोरं रडायची. सालकिन रडू द्यायची. ज्या आया सात पिढ्यांचा हिशेब मांडायच्या, त्याच आता, "एजे, माझा जरा हट्टी आहे, त्याच्याशी बोला ना," म्हणत दारात उभ्या. माझा उलान जूनमध्ये आला, त्याचा नान चहात भिजवून त्यानं माझ्यासमोर खाल्ला. ऐझादा ऑगस्टात आली. बेगिमाईनं तिला नानाचा कण न् कण संपवायला लावला, दगडासारखा झाला होता तरी.

पण ऐझादाला परत जायचं होतं. सप्टेंबर लागला, शाळेची पहिली घंटा झाली, आणि एका सकाळी ती बॅग घेऊनच जिन्याखाली आली. मेदेर आजोबांची मिनीबस बाहेर उभी. मी नवा नान भाजून आणला होता. सालकिन कोपऱ्यात बसली होती.

ऐझादानं पोरीच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "मी आज दुपारी जातेय. वसंतात येईन. नोरूझच्या आधी." आणि नान चावला. बेगिमाई घळाघळा रडली. रडत रडत तिनं नान कापडात बांधला, स्टुलावर चढली आणि स्वतःच्या हातानं खिळ्याला टांगला. मग खाली उतरून किटली उचलली.

तिनं आजोबांना घोटभर ओतला. मला घोटभर. सालकिनला घोटभर. आईच्या पियाल्यात ओतायला लागली आणि थांबलीच नाही. चहा चढत गेला, काठाला आला, काठावर फुगला, एक थेंब बशीत सांडला. तेव्हा तिनं किटली खाली ठेवली.

आजोबांनी टोपी काढली. ऐझादानं दोन्ही हातांनी तो भरलेला पियाला उचलला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. सालकिन उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

वर घंटा झाली. बेगिमाईनं आईच्या गळ्यात हात टाकले, सोडले, बाहीला नाक पुसलं आणि दप्तर उचललं.

"मी जाते," ती म्हणाली. "गणिताचा तास आहे."